दावीदाची ढाल : सहा टोकांच्या ज्यू ताऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या चिन्हाला ‘दावीदाचा तारा’ म्हणावं की ‘दावीदाची ढाल’?

दोन्ही नावं चालतात, पण मूळ नाव ढालीचं आहे. हिब्रूत याला ‘मागेन दावीद’ म्हणतात. मागेन म्हणजे ढाल, दावीद म्हणजे इस्राएलचा राजा दावीद. त्या नावात ‘तारा’ हा शब्दच नाही. ‘तारा’ हे नाव युरोपातल्या भाषांतून रूढ झालं आणि तिथून मराठीत आलं. अर्थाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगितला. ताऱ्याचा विचार केला की मन आकाशाकडे जातं, पण हे नाव रक्षणाबद्दल बोलतं.

हे चिन्ह बायबलमध्ये कुठे सापडतं?

कुठेच नाही. तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं), संदेष्ट्यांचे ग्रंथ, स्तोत्रं, तालमूद (ज्यू धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चांचा संग्रह), यांपैकी कशातही सहा टोकांचा तारा ज्यूंची खूण म्हणून येत नाही. दावीदाच्या ढालीवर ही आकृती कोरलेली होती, ही कथा कितीतरी नंतरची आहे. मध्ययुगात तिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी कथाही होती. त्या कथेप्रमाणे ढालीवर ६७ वं स्तोत्र सात फांद्यांच्या दिव्याच्या, म्हणजे मेनोराच्या, आकारात लिहिलेलं होतं. दोन्ही कथा भक्तीतून जन्मल्या आहेत. त्यांना पुराव्याचा मान देऊ नये.

प्राचीन काळी ज्यूंची ओळखखूण कोणती होती, असं विचाराल तर उत्तर मेनोरा हेच. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं. तिथून लुटलेला मेनोरा रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेला आजही पाहता येतो.

मग ‘मागेन दावीद’ हे शब्द आले कुठून?

प्रार्थनेतून. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा वाचला जातो आणि त्यानंतर जे आशीर्वाद म्हणतात, त्यांपैकी एकाचा शेवट ‘हे प्रभू, दावीदाच्या ढाली, तू धन्य आहेस’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. तालमूदमध्येही (पेसाहीम ११७ ब) या शब्दांचा उल्लेख आहे. इथे ढाल म्हणजे लाकडाची किंवा चामड्याची वस्तू नव्हे. दावीदाची ढाल स्वतः देव आहे. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्रामाला (पुढचा अब्राहाम) ‘भिऊ नकोस, मी तुझी ढाल आहे’ असं सांगतो, आणि १८ व्या स्तोत्रात दावीद देवाला आपला खडक, आपला गड, आपली ढाल म्हणतो.

रोजच्या उभ्या प्रार्थनेचा पहिला आशीर्वाद ‘मागेन अव्राहाम’, म्हणजे ‘अब्राहामाची ढाल’, या शब्दांवर संपतो. अलिबागच्या सिनेगॉगचं नाव ‘मागेन अबोथ’ आहे, म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’. रायगड जिल्ह्यातल्या त्या वास्तूच्या नावातली ढाल आणि या ताऱ्याच्या नावातली ढाल एकच.

थोडक्यात, नाव आधीपासून होतं आणि आकृतीही आधीपासून होती, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. साधारण १४ व्या शतकाच्या सुरुवातीला कबालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, एका हस्तलिखितात या आकृतीला ‘मागेन दावीद’ म्हटलेलं आढळतं. रामबान या थोर स्पॅनिश पंडिताच्या नातवाचं ते लेखन मानलं जातं.

ज्यूंच्या वापरातला सगळ्यात जुना सहा टोकांचा तारा कोणता?

आजच्या लेबनॉनमधल्या सिदोन इथे सापडलेल्या, इ.स.पूर्व ७ व्या शतकातल्या एका मुद्रेवर तो आहे. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूम इथल्या प्राचीन सिनेगॉगच्या दगडी पट्टीवरही तो कोरलेला आहे. मात्र हे उदाहरण देताना लोक एक गोष्ट सांगायची विसरतात : त्याच पट्टीवर पाच टोकांचा तारा आणि स्वस्तिकही आहे. म्हणजे तिथे तो नक्षीचा भाग होता, धर्माची खूण नव्हता. त्या काळच्या भूमध्य प्रदेशात असे भौमितिक नमुने सगळेच वापरत.

हस्तलिखितांत याचं सर्वांत देखणं उदाहरण ‘लेनिनग्राड कोडेक्स’मध्ये आहे. संपूर्ण हिब्रू बायबलच्या तारीख नोंदवलेल्या हस्तलिखितांत हे सर्वांत जुनं. ते इ.स. १००८ च्या सुमारास कैरोत लिहिलं गेलं आणि आता सेंट पीटर्सबर्गला आहे. त्यातल्या एका अलंकृत पानावर बारीक हिब्रू अक्षरांच्या ओळींनीच तारा रेखला आहे आणि लिपिक शमुएल बेन याकोव यानं तिथे आपलं नाव लिहिलं आहे. तरीही या पानाला ‘दावीदाची ढाल’ असं कुठे म्हटलेलं नाही.

ही शलमोनाची मुद्रा आहे असंही ऐकतो. ते काय?

ऐकता ते बरोबर आहे. दावीदाचा मुलगा शलमोन याच्याकडे एक अंगठी होती आणि तिच्या मुद्रेनं तो भुतं-जिन्न वश करायचा, अशी दंतकथा ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही परंपरांत आहे. अरबीत तिला ‘खातम सुलेमान’ म्हणतात. या मुद्रेवर कधी पाच टोकांचा तारा दाखवत, कधी सहा टोकांचा. अनेक शतकं दोन्ही आकृत्या आणि दोन्ही नावं अदलाबदलीनं वापरली जात. साधारण १३०० ते १७०० या काळात हळूहळू सहा टोकांच्या आकृतीला ‘दावीदाची ढाल’ हे नाव चिकटलं.

यामुळेच दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवर सहा टोकांचे तारे दिसतात. तिथे ज्यू कारागीर होते असा त्याचा अर्थ होत नाही. इस्लामी कलेत ही आकृती आपल्या जागी होतीच.

ज्यूंमध्येही तिचा पहिला मोठा वापर ताईत आणि रक्षामंत्रांतच झाला. १२ व्या शतकात यहूदा हदासी या कराईट (तालमूद न मानणाऱ्या ज्यू पंथातल्या) पंडितानं देवदूतांच्या नावांशेजारी ‘दावीदाची ढाल’ नावाची खूण काढतात असं नोंदवून त्या प्रथेवर टीका केली. दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझात, म्हणजे धर्मवचनांच्या छोट्या गुंडाळीत, लोक अशा आकृत्या आणि देवदूतांची नावं घुसवत. त्याच शतकातले थोर ज्यू पंडित मायमोनिडीस यांनी अशा भरीवर कडक शब्दांत आक्षेप घेतला : मेझुझा ही आज्ञा आहे, तिचा ताईत करू नका.

मग ती पूर्ण समाजाची खूण कधी झाली?

इथे प्राग शहराचं नाव घ्यावं लागतं. १३५४ साली चौथ्या चार्ल्स राजानं प्रागच्या ज्यूंना स्वतःचा झेंडा बाळगण्याचा हक्क दिला. त्या पहिल्या झेंड्यावर सहा टोकांचा तारा होता अशी परंपरा सांगते. नंतरच्या झेंड्यांवर तो आहेच. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्यापासून शहर राखताना ज्यूंनीही हिरिरीनं भाग घेतला. त्याची खूण म्हणून ताऱ्याच्या मध्यभागी एक टोपीही आली. प्रागच्या ‘जुन्या-नव्या सिनेगॉग’मध्ये हा झेंडा टांगलेला असतो. १५१२ साली प्रागमध्ये छापलेल्या हिब्रू प्रार्थनापुस्तकातही तारा आहे. छापखान्यांमुळे तो शहराबाहेर पोचला.

दुसरा टप्पा व्हिएन्नाचा. १६५६ च्या सुमारास तिथे ज्यू वस्ती आणि ख्रिस्ती वस्ती यांच्या सीमेवरच्या दगडावर एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला सहा टोकांचा तारा कोरला गेला. दोन समाज समोरासमोर आणि प्रत्येकाची एक खूण, हे चित्र इथे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसतं. व्हिएन्नातून हद्दपार झालेल्या कुटुंबांनी ती मोरावियाकडे नेली, आणि अॅमस्टरडॅमलाही ती याच सुमारास पोचली.

१९ व्या शतकात युरोपातल्या ज्यूंना नागरी हक्क मिळू लागले, मोठी सिनेगॉग उभी राहू लागली. चर्चवर क्रूस असतो, तसं आपल्या इमारतीवर काय लावायचं, हा प्रश्न पडला आणि उत्तर म्हणून हा तारा शिखरांवर, खिडक्यांत, पूजेच्या वस्तूंवर, थडग्यांवर आला. हा प्रसार जितका वेगानं झाला तितका आधीच्या दोन हजार वर्षांत झाला नव्हता. ‘हजारो वर्षांचं पवित्र चिन्ह’ असं वाक्य लिहिण्याआधी हे लक्षात घ्यावं. चिन्ह वयानं लहान असलं म्हणून ते ज्यांचं आहे त्यांना ते कमी प्रिय ठरत नाही.

दावीद या नावातच दोन त्रिकोण आहेत, हे खरं का?

अर्धं खरं. हिब्रूत दावीद हे नाव दालेत-वाव-दालेत असं लिहितात आणि प्राचीन हिब्रू लिपीत दालेत हे अक्षर त्रिकोणासारखं होतं. दोन दालेत एकमेकांवर उलटसुलट ठेवले की तारा होतो, हे निरीक्षण सुंदर आहे. पण दावीदाच्या काळात किंवा त्यानंतरच्या हजार वर्षांत कुणी असं केल्याचं दिसत नाही. ही मागाहून सुचलेली जुळवणी आहे.

सहा टोकांचा नेमका अर्थ काय?

एकच अधिकृत अर्थ नाही. सहा टोकं म्हणजे आठवड्याचे सहा कामाचे दिवस आणि मधला षट्कोन म्हणजे शब्बाथ, हा अर्थ घराघरांत मुलांना सांगितला जातो. सहा दिशा (चार दिशा, वर आणि खाली) आणि त्या सगळ्यांवर राज्य करणारा देव, हाही प्रचलित अर्थ आहे. वर जाणारा त्रिकोण माणसाची प्रार्थना आणि खाली येणारा देवाची कृपा, असंही सांगतात.

तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका त्रिकोणाच्या तीन टोकांना देव, जग आणि माणूस म्हटलं. दुसऱ्याच्या टोकांना निर्मिती, प्रकटीकरण आणि तारण अशी नावं दिली. विचार म्हणून ही मांडणी सगळ्यांत खोल वाटते, पण ती एका तत्त्वज्ञाची आहे, परंपरेनं चालत आलेली नव्हे.

आपल्याकडचं षट्कोणी यंत्र आणि हा तारा एकच का?

आकृती एकच, अर्थ आणि इतिहास वेगळे. तंत्रपरंपरेत ऊर्ध्वमुख त्रिकोण शिव आणि अधोमुख त्रिकोण शक्ती. अनाहत चक्राच्या बारा पाकळ्यांच्या कमळातही हीच आकृती असते. पण दोन्हींपैकी एकातून दुसरं निघालं असं म्हणायला आधार नाही. कंपासनं वर्तुळ काढून त्याच त्रिज्येनं परिघावर खुणा करत गेलं की सहा बिंदू आपोआप पडतात, म्हणून जगात अनेक ठिकाणी माणसं स्वतंत्रपणे या आकृतीपर्यंत पोचली. जर्मनीतल्या जुन्या बिअर गाळणाऱ्यांच्या दारावरही हाच तारा असे आणि काही गावांत आजही टांगतात. त्याचा ज्यूंशी संबंध नाही. श्रीयंत्राला मात्र यात ओढू नये. त्यात दोन नव्हे, नऊ त्रिकोण असतात.

तारा अचूक कसा काढायचा?

समजा वर्तुळाची त्रिज्या ६ सेंमी घेतली. वर्तुळ काढा आणि कंपास तसाच ठेवा. माथ्यावर एक बिंदू घ्या. त्यावर टोक ठेवून परिघावर खूण करा, त्या खुणेवर टोक ठेवून पुढची, असं करत सहा बिंदू पाडा. आता एक सोडून एक बिंदू जोडा : पहिला, तिसरा, पाचवा हा एक त्रिकोण, आणि दुसरा, चौथा, सहावा हा दुसरा.

मापं तपासून पाहा. मोठ्या त्रिकोणाची बाजू १०.३९ सेंमी, प्रत्येक टोकाच्या छोट्या त्रिकोणाची बाजू ३.४६ सेंमी आणि मधल्या षट्कोनाची बाजूही ३.४६ सेंमीच. ताऱ्याची उंची १२ सेंमी आणि रुंदी १०.३९ सेंमी येते. म्हणजे तो चौरसात बसत नाही, आणि छापखान्यात किंवा संगणकावर चौरस चौकटीत ताणला की बिघडतो. ही चूक पत्रिकांवर आणि फलकांवर नेहमी दिसते.

सहावी खूण पहिल्या बिंदूवर येत नसेल तर कंपास मध्येच थोडा उघडला किंवा मिटला आहे. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर प्रत्येक खुणेला अर्धा मिलिमीटर फरक पडतो आणि सहाव्या खुणेपर्यंत तो ३ मिलिमीटर होतो. पुन्हा सुरुवात करणं बरं, रेषा ओढून जुळवू नका.

पट्टीच्या रूपात काढायचा असेल तर आत आणखी एक वर्तुळ लागतं. पट्टीची रुंदी जेवढी, तिच्या दुपटीनं त्रिज्या कमी करा. अर्धा सेंमी पट्टीसाठी आतलं वर्तुळ ५ सेंमी त्रिज्येचं. अनेक जण त्रिज्या फक्त अर्ध्या सेंमीनं कमी करतात आणि पट्टी निम्मीच भरते. कारण समभुज त्रिकोणात केंद्रापासून टोकाचं अंतर हे केंद्रापासून बाजूच्या अंतराच्या दुप्पट असतं.

पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या कशा दाखवायच्या?

दोन त्रिकोण सहा ठिकाणी छेदतात आणि प्रत्येक बाजूवर दोन छेद येतात. नियम एकच : प्रत्येक बाजू एका छेदावर वरून आणि दुसऱ्यावर खालून गेली पाहिजे. ताऱ्याभोवती फिरत वर, खाली, वर, खाली असं आलटूनपालटून आलं की गुंफण बरोबर. एका छेदावर चूक झाली की शेजारच्या छेदावर लगेच दोन ‘वर’ लागोपाठ येतात, तिथे ती पकडता येते.

तारेत किंवा चांदीत घडवताना एक त्रिकोण पूर्ण झाळून घ्यावा आणि दुसऱ्याचं एक टोक उघडं ठेवून तो आत ओवावा, मगच ते टोक झाळावं. दोन्ही आधीच बंद केले तर ते गुंफता येत नाहीत, फक्त एकावर एक ठेवता येतात. दोघांत फरक आहे : ठेवलेले वेगळे होतात, ओवलेले होत नाहीत.

इस्रायलच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची मापं काय?

झेंडा २२० सेंमी लांब आणि १६० सेंमी रुंद. वरच्या आणि खालच्या कडेपासून १५ सेंमी सोडून २५ सेंमी रुंदीचे दोन निळे पट्टे. मध्ये ८० सेंमी पांढरी जागा उरते आणि तिच्या मधोमध तारा. त्याच्या रेषा ५.५ सेंमी रुंद आणि त्रिकोणांचे पाये पट्ट्यांना समांतर. निम्म्या आकाराचा करायचा तर ११० बाय ८० सेंमी कापड, ७.५ सेंमी कड, १२.५ सेंमी पट्टा, २.७५ सेंमी ताऱ्याची रेषा.

दोन चुका सर्रास होतात. तारा आतून निळा भरला जातो, प्रत्यक्षात तो रेषांचा असतो आणि आतून पांढरा. किंवा तो ३० अंशांनी फिरतो आणि टोकं वर-खाली न राहता डावी-उजवीकडे जातात.

हे पट्टे तालितचे, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर घ्यायच्या शालीचे. १८९७ च्या बाझेलच्या पहिल्या झायोनिस्ट (ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र मागणाऱ्या चळवळीच्या) परिषदेसाठी डेव्हिड वोल्फसोन यांनी हाच विचार मांडला. चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्या मनात आधी वेगळाच झेंडा होता : पांढरा, त्यावर सात सोनेरी तारे. २८ ऑक्टोबर १९४८ रोजी नव्या राष्ट्रानं आजचा झेंडा स्वीकारला. राष्ट्राच्या अधिकृत राजमुद्रेवर मात्र तारा नाही, तिथे मेनोरा आणि ऑलिव्हच्या फांद्या आहेत. जुनी खूण मुद्रेवर, नवी झेंड्यावर.

पिवळा तारा काय होता?

नाझी जर्मनीनं ज्यूंना वेगळं काढण्यासाठी सक्तीनं लावायला लावलेली खूण. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये व्यापलेल्या पोलंडमध्ये निळा तारा असलेली पांढरी दंडपट्टी सक्तीची झाली. १ सप्टेंबर १९४१ च्या आदेशानं, १९ सप्टेंबरपासून, जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूनं छातीच्या डाव्या बाजूला काळ्या कडेचा पिवळा तारा शिवायचा होता, त्यावर ‘युडे’, म्हणजे ‘ज्यू’, हा जर्मन शब्द. १९४२ मध्ये हॉलंड आणि फ्रान्समध्येही तो आला. पिवळ्या खुणेची सक्ती मध्ययुगीन युरोपातही होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सभेनं, ज्यूंनी पोशाखानं वेगळं दिसावं असा नियम केला होता.

म्हणून कुठल्याही मोर्च्यात, नाटकाच्या जाहिरातीत किंवा सजावटीत भरीव पिवळा तारा वापरू नका. सहा वर्षांच्या मुलाच्या सदऱ्यावर शिवलेली ती चिंधी आहे. स्वतःवरच्या साध्या निर्बंधाशी तिची तुलना केली की मेलेल्यांचा अपमान होतो.

लाल तारा असलेली रुग्णवाहिका दिसते, ती कुणाची?

‘मागेन दावीद अदोम’, म्हणजे ‘दावीदाची लाल ढाल’. तेल अवीवमध्ये १९३० साली सुरू झालेली आपत्कालीन सेवा. रेड क्रॉसचा लाल क्रूस आणि रेड क्रेसेंटची लाल चंद्रकोर यांच्या रांगेत तारा बसवायचा की नाही, हा वाद अनेक दशकं चालला. डिसेंबर २००५ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या तिसऱ्या प्रोटोकॉलनं ‘लाल स्फटिक’ हे तटस्थ चिन्ह आलं आणि २००६ मध्ये संस्थेला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट चळवळीत प्रवेश मिळाला.

महाराष्ट्रात हा तारा कुठे पाहायला मिळेल?

मुंबईत भायखळ्याच्या ‘मागेन डेव्हिड’ सिनेगॉगच्या नावातच तो आहे. डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात बगदादी ज्यूंसाठी ते बांधवलं. पुण्याच्या कॅम्पातलं लाल विटांचं ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे आपलं लाल देऊळ, १८६७ चं. मुंबईच्या मांडवीतलं ‘शाआर हारहमीम’, दयेचं दार, १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मराठीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आले, आणि मस्जिद बंदर हे नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगितलं जातं.

कोकणातले बेने इस्राएल पूर्वी तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या कबरींवर हिब्रू आणि मराठी ओळी शेजारी शेजारी असतात आणि अनेकींवर हा ताराही. मराठी वाचणाऱ्यानं एकदा तरी त्या ओळी वाचाव्यात.

सिनेगॉग पाहायला जाताना काय लक्षात ठेवावं?

आधी परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत शब्बाथ असतो, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नका. आत पुरुषांनी डोकं झाकावं, रुमालही चालतो. जिथे तोराच्या गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाला हात लावू नका. फोटो काढण्याआधी विचारा. बाहेरच्या भिंतीवरच्या ताऱ्याचा फोटोसुद्धा, कारण काही ठिकाणी सुरक्षेमुळे तोही चालत नाही.